मंचावर तिला तिच्या नावाने बोलवा

नागपूर, भंडारा, गोंदिया जिल्ह्यांतल्या मंडईत (दिवाळीनंतरच्या गावजत्रेत), शंकरपटात (बैलांच्या शर्यतीत) आणि फार्महाउसवरच्या पार्ट्यांत डान्स हंगामा, लावणी ठेवणाऱ्या आयोजकांना, आणि त्या कार्यक्रमांत माइक हाती धरणाऱ्या निवेदकांना,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही, पण माझे काम तुम्ही पुष्कळदा पाहिले आहे. सक्करदऱ्याजवळच्या एका गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत मी एकोणतीस वर्षांपासून शिवते. शाळेचे गणवेश, फॉल-पिको, लग्नसराईतले ब्लाउज हे सगळे असतेच, पण घर चालते ते नाचणाऱ्या बायांच्या कपड्यांवर. शिवलेली नऊवारी, टिकल्यांचा घागरा, पाठीवर दोऱ्या असलेला ब्लाउज. तुमच्या दिव्यांखाली जे चमकते त्यातले बरेचसे माझ्या मशीनखालून गेलेले असते. माझ्याकडे येणाऱ्या या बायांपैकी सात-आठ जणी जाड आहेत. हे पत्र मी त्यांच्यासाठी लिहिते आहे, त्यांना विचारून, त्यांची नावे न घालता.

जाड हा शब्द मी जाणूनबुजून लिहिला. आपल्याकडे 'तब्येतीने बरी', 'खात्यापित्या घरची' असे म्हणायची पद्धत आहे. पण त्या स्वतःला जाडच म्हणतात, आणि माप घेताना गोड शब्दांचा काही उपयोग नसतो. टेप जे सांगतो ते लिहायचे. माझ्या वहीत एका पानावर लिहिले आहे: छाती ४८, कंबर ४४, दंड १८, मुंढा २२. एवढ्या ब्लाउजला एक मीटर कापड पुरत नाही, सव्वा ते दीड मीटर लागते. काखेत जोड द्यावा लागतो, नाहीतर हात वर केला की शिवण उसवते, आणि नाचणारीचा हात तर सारखा वरच असतो. हुकांची एक ओळ भागत नाही, दोन लावते. अस्तर सुती घेते, कारण चार तासांच्या घामात दुसरे काही टिकत नाही.

हे एवढे तपशिलात सांगते कारण यात पैशाची गोष्ट आहे, आणि ती तुमच्या हिशेबात कधी येत नाही. सडपातळ मुलींना पार्टीच्या, म्हणजे नाचाच्या संचाच्या, पेटीतले कपडे मिळतात, नाहीतर ड्रेसवाल्याकडून भाड्याने येतात. ते कपडे जाड बाईच्या दंडातही शिरत नाहीत. मग ती स्वतःच्या पैशाने शिवून घेते. मी शिलाई कमी लावते, तरी कापड, जर, टिकल्या तिच्याच खिशातून. गावाला जाताना गाडीवाला तिच्याकडून दोन सीटचे भाडे मागतो, तेही तिच्याच खिशातून. आणि रात्र संपल्यावर तिच्या हातावर ठेवली जाते ती रक्कम बाकीच्या मुलींपेक्षा कमी. विचारले तर सांगतात, ती 'कॉमेडी आयटम' आहे. पोस्टरवर मात्र सगळ्यात मोठा फोटो तिचाच असतो. ती आली तर गर्दी येते हे तुम्हाला पक्के ठाऊक आहे, नाहीतर तुम्ही तो फोटो एवढा मोठा छापला नसता.

आता एक घडलेली गोष्ट. गावाचे आणि पार्टीचे नाव लिहीत नाही, कारण मला एकट्या त्या गावाशी भांडायचे नाही. दिवाळीनंतरच्या मंडयांचे दिवस होते. माझ्या एका जाड गिऱ्हाइकाचे पाच गाण्यांचे ठरले होते, लोक उठत नाहीत म्हणून नऊ गाण्यांवर नाचवले. सातव्या गाण्याला ब्लाउजचे मागचे हूक तुटले. ती पदर पाठीवर ओढून आत वळली, तेवढ्यात माइकवरून आवाज आला, 'सांभाळा जी, गोदामाचं शटर तुटलं!' मंडप हसला. कोणीतरी 'मारबत, मारबत' ओरडले. नोटा फेकल्या गेल्या, मोबाईल वर झाले. दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ तिच्या बहिणीच्या सासरी पोचला होता.

ती तो ब्लाउज पिशवीत घालून माझ्याकडे आली. मी आधी शिवण पाहिली. चूक माझीच असणार असे मला वाटत होते, हात थरथरत होते. शिवण शाबूत होती. नऊ गाण्यांच्या ताणाने हुकांचा धागा गेला होता. मी म्हटले, पक्का दोरा घालून देते, पैसे नको. ती म्हणाली, 'मावशी, हूक तुटतातच जी. त्याचं काही नाही. पण त्यानं माझं नाव नाही घेतलं. सात वर्षांपासून त्याच्या माइकवर नाचून राहिली मी. त्याला माझं नाव माहीत आहे ना.'

त्या दिवसापासून हे पत्र माझ्या डोक्यात आहे.

मारबत काय असते ते नागपूरकराला सांगायला नको. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी तिचे काळे आणि पिवळे पुतळे निघतात, 'घेऊन जा गे मारबत' म्हणत आपण गावाची रोगराई, ईडापीडा तिच्याबरोबर पाठवतो आणि शेवटी तिला जाळतो. मी लहानपणापासून जाते, पुढेही जाणार. पण जिवंत बाईला तो शब्द फेकून मारतात तेव्हा मला त्या मंडपातल्या माणसांकडे बघावेसे वाटते. रात्री दोन वाजेपर्यंत ते तिलाच बघायला थांबलेले असतात. ती आत गेली की शिट्ट्या वाजवून परत बोलावतात. जिला बघायला आलो तिला बघतो हे शेजारच्याला कळू नये, म्हणून हसतात, ओरडतात, आणि आपली सगळी लाज तिच्या अंगावर टाकून घरी जातात. निवेदकदादा, त्यांना हसायची ती पहिली परवानगी तुमच्या माइकवरून मिळते. तुम्ही हसला नाहीत तर अर्धा मंडप गप्प बसतो. हे मी स्वतः पाहिले आहे, एका म्हाताऱ्या निवेदकांच्या कार्यक्रमात. ते प्रत्येक मुलीला नाव घेऊन, 'बाई' जोडून बोलवत. त्यांच्या मंचावर कोणाची ओरडायची हिंमत झाली नाही. ते आता या कामात नाहीत.

माझ्या तरुणपणी, दक्षिणेतले डब केलेले सिनेमे सकाळच्या खेळाला लागत तेव्हा भिंतीवर शकीला या नटीची पोस्टरे असायची. २००० च्या आसपास केरळातल्या मल्याळम सिनेमाचा धंदा मंदावलेला असताना तिच्या एकटीच्या नावावर थिएटरे भरत होती. त्या काळाला तिकडे तिच्याच नावाची लाट म्हणतात. ती जाड होती, आणि लोक तिला बघायला येत ते त्या जाड अंगासकट. ज्यांनी तिच्यावर कमावले त्यांनी तिला कधी बरोबरीने वागवले नाही. ती दिसली की इतरांच्या तोंडी विनोद यायचा, तो बहुतेक तिच्या अंगावरच. तिच्या नकळत दुसऱ्या बाईची दृश्ये तिची म्हणून सिनेमात जोडली गेली, हे तिने स्वतः पुढे सांगितले. लाट ओसरली, कामे गेली. मग पुष्कळ वर्षांनी, २०२० मध्ये, ती तमिळ टीव्हीवरच्या स्वयंपाकाच्या स्पर्धेत आली आणि सगळे तिला 'अम्मा' म्हणू लागले.

मला त्या कार्यक्रमाचा आनंद झाला. पण त्या आनंदात एक खडा लागतो. तिला मान मिळाला तो आई झाल्यावर, कढईपुढे उभी राहिल्यावर. ज्या कामाने एवढ्या लोकांची घरे चालली ते काम करताना का मिळाला नाही? माझ्या गिऱ्हाइकांनाही लोक तेच सांगतात. हे सोड, खानावळ टाक, मग आम्ही तुला ताई म्हणू. ज्यांना सोडायचे आहे त्यांनी खुशाल सोडावे, मी त्यांच्या खानावळीत जेवायला जाईन. पण मान हा काम सोडल्याचे बक्षीस म्हणून द्यायचा असेल तर तो मान त्यांना नको आहे. त्यांना तो आज रात्री, त्याच मंचावर हवा आहे.

माझी भाची पुण्यात कपड्यांचे डिझाइन शिकते. तिने मला एक गोष्ट सांगितली ती मी विसरत नाही. प्रौढांच्या वेबसाइटवर जाड बायांच्या व्हिडिओंना 'बीबीडब्ल्यू' अशी तीन अक्षरांची खूणचिठ्ठी लावतात. ती अक्षरे आली कुठून? १९७९ साली अमेरिकेत कॅरोल शॉ नावाच्या बाईने जाड स्त्रियांसाठी एक मासिक काढले. त्याचे नाव ते, 'मोठ्या देखण्या स्त्रिया' अशा अर्थाचे. त्यात काय असायचे? कपडे. जाड अंगाला शोभतील असे, अंगावर नीट बसतील असे कपडे. म्हणजे माझेच काम. एका बाईने दुसऱ्या बायांना 'तुम्ही देखण्या आहात' असे सांगायला केलेला शब्द, तो पुढे दुकानातल्या फळीवरची चिठ्ठी झाला. त्या व्हिडिओंतल्या बाया जगभर आहेत, त्यांचीही नावे आहेत, त्यांनाही भाडे भरायचे असते. लोक त्यांना रात्री शोधतात आणि सकाळी त्यांच्याच फोटोंवर थुंकतात. आपल्या मंडईत जे होते ते काही वेगळे नाही.

कायद्याचे थोडे लिहिते. मी वकील नाही, पण माझ्या गिऱ्हाइकांमुळे हे वाचायची सवय लागली.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्याच नागपूर खंडपीठात न्यायमूर्ती विनय जोशी आणि न्यायमूर्ती वाल्मिकी मेनेझिस यांनी उमरेड भागातल्या एका रिसॉर्टवरच्या नाचाचा गुन्हा रद्द केला. आखूड कपड्यांत नाचणे, किंवा पोलिसांना अश्लील वाटतील असे हावभाव करणे, एवढ्यानेच लोकांना त्रास देणारे अश्लील कृत्य होत नाही, असा त्या निकालाचा आशय. तुमच्यातले बरेच जण तो निकाल मोबाईलमध्ये ठेवून असतात, पोलीस आले तर दाखवायला. चांगले आहे. पण कोर्टात गेले होते ते पाहायला बसलेले पुरुष. त्या निकालाची सावली तुम्हाला हवी तेव्हा मिळते, मग नाचणाऱ्या बाईला तुमच्याच मंचावर गोदाम का म्हणता?

डान्स बारबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा १७ जानेवारी २०१९ चा निकाल आहे. त्यात सरकारच्या पुष्कळ अटी उडाल्या. सीसीटीव्हीची सक्ती उडाली, खासगीपणाला बाधा येते म्हणून. पण एक अट न्यायालयाने ठेवली: टिप देता येईल, अंगावर नोटा उधळता येणार नाहीत. मंडईचा मंच म्हणजे बार नव्हे हे मला कळते. तरी ज्या कारणाने तिथे नोटा उधळायच्या नाहीत ते कारण इथेही तेच आहे. सडपातळ मुलीवर नोटा उधळतात, जाड बाईला त्या टोचतात. घडी करून, टोक पुढे करून, पोटाला, दंडाला, मऊ लागते का पाहायला. माप घेताना मला ते ओरखडे दिसतात.

आणि १९ मे २०२२. त्या दिवशीचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांबद्दल होता. न्यायमूर्ती नागेश्वर राव यांच्या त्या खंडपीठावर आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई होते. घटनेच्या कलम २१ प्रमाणे सन्मानाने जगण्याचा हक्क या स्त्रियांनाही आहे, पोलिसांनी त्यांना शिवीगाळ, मारहाण करू नये, छाप्याच्या वेळी माध्यमांनी त्यांची ओळख उघड होईल असे फोटो छापू नयेत, असे त्यात आहे. त्याच्या नऊ महिने आधी, ऑगस्ट २०२१ मध्ये, आपल्या इतवारीतल्या गंगा-जमुना या देहविक्रयाच्या वस्तीला पोलिसांनी बॅरिकेड लावले होते, तेव्हा तिथल्या बाया रस्त्यावर येऊन भांडल्या होत्या. माझ्या गिऱ्हाइकांचे काम वेगळे आहे. हा फरक मी गंगा-जमुनातल्या बायांना खाली लेखायला सांगत नाही, त्यांचेही ब्लाउज मी शिवले आहेत. एवढेच म्हणते की देशातल्या सर्वात मोठ्या न्यायालयाने ज्यांना सन्मानाचा हक्क आहे म्हणून लिहून दिले, त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईला तुम्ही तो नाकारता तो कोणत्या हिशेबाने?

तुमच्यातला एक जण माझ्याकडे कपडे न्यायला आला होता. त्याच्याशी मी यावर बोलले. तो म्हणाला, 'मावशी, ते तर स्वतःच आपल्या वजनावर विनोद करते. आम्ही केला तर काय झालं?' खरे आहे, करते. माझी एक गिऱ्हाईक सवाल-जवाबात स्वतःच्या पोटावर असा विनोद करते की लोक खुर्चीवरून पडतात. तो तिने बसवलेला असतो, माझ्या खोलीत आरशापुढे उभे राहून. कुठे थांबायचे, कोणत्या शब्दावर गिरकी घ्यायची, सगळे ठरलेले. त्या हसण्याचा लगाम तिच्या हातात असतो. हूक तुटलेला असताना केलेल्या विनोदाचा लगाम कोणाच्या हातात होता? एवढे ज्याला कळत नाही त्याने निवेदन करू नये.

मीही यात स्वच्छ नाही. काही वर्षांपूर्वी एका मुलीला मी म्हटले होते, थोडी कमी हो ग, शिवायलाही सोपे जाईल. ती काही बोलली नाही, वर्षभर आली नाही. परत आली तेव्हा मी माफी मागितली. तिने सांगितले की त्या वर्षात ती उपाशी राहून नाचत होती आणि एका कार्यक्रमात चक्कर येऊन पडली. त्यानंतर मी कोणाच्याही अंगाला हात लावण्याआधी विचारते, आणि आकडा मोठ्याने उच्चारत नाही, वहीत लिहिते. जे 'यांच्या तब्येतीची काळजी वाटते' म्हणतात त्यांना मी सांगेन, काळजी असेल तर नऊ गाणी नाचवू नका आणि मंचामागे पिण्याचे पाणी ठेवा.

मंचामागचा विषय निघालाच आहे तर तो पुरता बोलते, कारण हाल तिथेच जास्त होतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला दोन साड्या बांधल्या की तुमची कपडे बदलायची खोली तयार होते. सडपातळ मुलगी तिथे कोपऱ्यात बसून दोन मिनिटांत घागरा चढवते. जाड बाईला उभे राहायला जागा लागते, मागचे हूक लावायला दुसरी बाई लागते, वेळ जास्त लागतो. तो वेळ तुम्ही देत नाही, बाहेरून निवेदक नाव न घेता हाका मारतो, आणि तेवढ्यात साडीच्या फटीतून मोबाईल आत येतो. बाई कपडे बदलत असताना चोरून पाहणे किंवा चित्रण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ चा गुन्हा आहे. पहिल्यांदा एक ते तीन वर्षे कैद, पुन्हा केला तर तीन ते सात. हे तुमच्या मंडपात दर दुसऱ्या रात्री घडते. हातांची प्लास्टिकची खुर्ची ठेवता, ती तिच्या मांड्यांत रुतते, मोडली तर पुन्हा माइकवर विनोद. एक लाकडी बाक ठेवायला किती खर्च येतो? पत्र्याची खोली, आतून कडी, एक बाक, एक आरसा, दारावर गावातलीच एखादी वयस्क बाई. मोदकाच्या प्रसादावर मंडळे याहून जास्त खर्च करतात.

पैशाचेही आधी सांगून ठेवते. गाणी किती, पैसे किती, हे कागदावर लिहा आणि कागद तिला द्या. जादा गाण्याचे जादा पैसे. कपडे ती स्वतः आणत असेल तर पेटीच्या भाड्याएवढी रक्कम तिला वेगळी द्या. जिच्या फोटोवर गर्दी येते तिला सगळ्यात कमी देणे याला मी चोरी म्हणते, दुसरा शब्द मला येत नाही.

या वर्षीच्या मंडयांची कामे माझ्याकडे यायला लागली आहेत. ज्या बाईचे हूक तुटले होते तिने नवा ब्लाउज टाकला आहे, मोरपंखी, काठाला जर. दोन ओळी हूक, मेणाचा दोरा, आतून पट्टी. नाचता नाचता तो तुटणार नाही याची जबाबदारी माझी, मी घेतली. भाऊबीज झाली की ती तुमच्यापैकी कोणाच्या तरी मंचावर उभी असेल. पायऱ्या चढायला तिला थोडा वेळ लागतो, तेवढे थांबा. मग माइकवरून तिचे नाव घ्या, पुढे 'बाई' लावून. नाव काय ते मला विचारायची गरज नाही, तुमच्याच पोस्टरवर छापलेले आहे.

तुमची,
सक्करदऱ्याची एक शिवणकाम करणारी बाई
नागपूर